धुतलेला हात

"तळहाताला लावू नकोस, डेबी. ओन्ली फिंगर्स!" सुमित्रा म्हणाली.

डेबीच्या हाताला मनगटापर्यंत वरणभात माखला होता. उंच खुर्चीत बसलेल्या एमीने आईच्या त्या हाताकडे एकदा पाहिलं, तोंड घट्ट मिटलं आणि सुमित्राकडे वळून म्हणाली, "काकू, तू भरव."

अडीच वर्षांची, पिंगट केसांची अमेरिकन मुलगी इतकं स्वच्छ मराठी बोलते याची चँडलर गावातल्या मराठी मंडळींना भारी मौज वाटे. पार्टीला जमले की सगळे तिला पोपटासारखं बोलायला लावत. त्यांची स्वतःची मुलं विचारलेल्या प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देऊन टीव्हीसमोर पळत, ती गोष्ट वेगळी.

एमीचा बाप रिक जवळच्या एअरफोर्स बेसवर विमानं दुरुस्त करायचा आणि डेबी तिथल्याच दुकानात कॅश रजिस्टरवर बसायची. एमी तान्ही असल्यापासून दिवसभर सुमित्राकडे असे. तिचा मोठा भाऊ ब्रायन शाळा सुटल्यावर यायचा. त्याला पीनट बटरचं सँडविच दिलं की त्याची तक्रार नसायची. सुमित्राचा नवरा हेमचंद्र चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर होता. त्यांना मूल नव्हतं. ते का नाही, असं विचारणाऱ्या बायका नागपूरलाच राहिल्या होत्या, आणि अमेरिकेचा सुमित्राला झालेला हा एक मोठा फायदा होता. बाकी नवरा ऑफिसला गेला की त्या बंद, गारेगार घरात तिला स्वतःची हाकसुद्धा ऐकू यायची नाही. एमी आली आणि घरात आवाज आला.

मार्चमध्ये रिकची बदली जर्मनीला झाली. तो घर बघायला पुढे गेला आणि एमीने घरी खाणं सोडलं. ती खायची ती फक्त सुमित्राच्या हातून. एकदा सुमित्रा आणि हेमचंद्र दोन दिवस लॉस एंजेलिसला गेले, तर परत येईपर्यंत पोरीला सलाइन लावायची वेळ आली होती. ते ऐकून सुमित्रा खूप रडली. पण रडता रडता तिला आत कुठेतरी बरंही वाटलं. आपल्यावाचून कुणाचं तरी अडतं, हे सुख तिला नवीन होतं.

आता जूनमध्ये डेबी दोन्ही मुलांना घेऊन निघणार होती. फिनिक्सहून सेंट लुईस, तिथून लष्कराच्या विमानाने जर्मनी. एवढ्या प्रवासात पोरीने काही खाल्लं नाही तर? म्हणून डेबी रोज संध्याकाळी सुमित्राच्या स्वयंपाकघरात भरवायला शिकत होती.

"तू भरवताना काहीतरी पुटपुटतेस ना, ते काय असतं?" डेबीने विचारलं.

"ते? नथिंग. असंच, टाइमपास."

खरं तर सगळी जादू त्यातच होती. हा घास काऊचा, हा घास चिऊचा, हा डॅडीचा, हा ब्रायनदादाचा, असं म्हणत सुमित्रा अख्खी वाटी संपवायची. घास करणं तिने डेबीला शिकवलं, मऊ भातावर तूप किती घालायचं तेही दाखवलं, पण हे मात्र तिने दाबून ठेवलं. एवढं तरी आपल्याजवळ राहू दे, असं तिला वाटत होतं.

निघायच्या आदल्या आठवड्यात डेबी आली ती हात पुढे करूनच. तिची नखं कापलेली होती. लांब, लाल, दर रविवारी टीव्हीसमोर बसून रंगवलेली ती नखं डेबीचा एकुलता एक थाट होता. आता ती पार मुळापर्यंत उतरवली होती.

"घास नीट होत नव्हता ना," ती म्हणाली. "म्हणून."

सुमित्राने तिचे हात हातात घेऊन पाहिले. तिने डेबीला खुर्चीवर बसवलं आणि काऊपासून ब्रायनदादापर्यंत सगळं पाठ करून घेतलं. मग ब्रायनला घेऊन ती शेजारच्या खोलीत गेली. काही वेळाने डेबीचा आवाज आला, "हा गास काऊचा." थोडं थांबून, "हा गास चिऊचा." एमी खात होती. सुमित्राने आनंदाने दारातून डोकावलं मात्र, एमीने तोंड मिटलं आणि हात पसरले.

"काकू, तू!"

मग दोघींना कळलं. काकू दिसली की संपलं. तेव्हापासून भरवायच्या वेळी सुमित्रा बांगड्या काढून आतल्या खोलीत जाऊन बसे.

निघायच्या दिवशी हेमचंद्रने सगळ्यांना विमानतळावर सोडलं आणि गाडी लावून तो गाडीशीच थांबला. तेव्हा पोचवायला आलेल्यांनाही गेटपर्यंत सोडत. गेटवर पाहिलं तर विमानाला उशीर होता. एमी भुकेने किरकिरायला लागली. सुमित्राने थर्मासमध्ये मऊ वरणभात आणला होता. तिने मनाशी ठरवलं, हा एक घास आपण भरवायचा. एकच. पुढे आहेच की डेबी, जन्मभर.

"हात धुऊन येते हं," ती म्हणाली.

बाथरूममध्ये तिने साबण लावून हात स्वच्छ धुतला. मग तो कशाला लागू नये म्हणून वर धरून, दार कोपराने ढकलून ती बाहेर आली. समोर खुर्च्यांवर डेबी बसली होती. एमीला धीर निघाला नव्हता. डेबीने थर्मास उघडला होता, मांडीवर वाटी होती आणि शेजारचे प्रवासी डोळे मोठे करून बघत असताना ती भर विमानतळावर हाताने भात कालवत होती.

"हा गास काऊचा."

एमीने आ केला.

सुमित्रा जागीच थांबली, मग दोन पावलं मागे सरून खांबाआड झाली. आपण दिसलो तर हे तोंड पुन्हा मिटेल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. काऊ झाला, चिऊ झाली, डॅडी आणि ब्रायनदादा झाले. वाटीत थोडा भात उरला होता आणि डेबीजवळची नावं संपली. ती जरा अडखळली. मग म्हणाली, "हा गास काकूचा."

हा घास सुमित्राने कधी शिकवला नव्हता. भरवणारी स्वतःच्या नावाचा घास कशाला घालेल? एमीने मान वळवून इकडेतिकडे पाहिलं. खांबामागे सुमित्राने श्वास रोखला. कुणी दिसलं नाही, तेव्हा एमीने पुन्हा आ केला आणि तो घास खाल्ला.

विमानाची घोषणा झाली. लहान मुलं असलेल्यांना आधी सोडत होते. डेबी एमीला कडेवर घेऊन उठली आणि सैरभैर होऊन सुमित्राला शोधू लागली. शेवटी खांबाआडची सुमित्रा तिला दिसली. सुमित्राने तिथूनच मान हलवली. जा, असं म्हटलं. एमीचं डोकं आईच्या खांद्यावर होतं, पाठ इकडे होती, ओठांना शीत चिकटलेलं होतं की नाही ते एवढ्या लांबून दिसत नव्हतं.

पार्किंगमध्ये ऊन रणरणत होतं. हेमचंद्र गाडीशी उभा होता.

"भेटलीस ना नीट?"

"खाल्लं तिने," सुमित्रा म्हणाली. "सगळं."

तिचा उजवा हात अजून तसाच वर होता, जरासा लांब धरलेला. तो केव्हाच वाळला होता. हेमचंद्रने आजवर बायकोसाठी कधी गाडीचं दार उघडलं नव्हतं. आज त्याने ते उघडलं, ती बसल्यावर पट्टाही त्यानेच लावला आणि दार हळूच बंद केलं.