काळ्या खडकापलीकडचं तळं

आमच्या पुरवणीत दर रविवारी माझं 'वाकडी वाट' हे सदर येतं. गर्दीच्या जागा टाळून, कुणाला ठाऊक नसलेली ठिकाणं सांगायची. अशी ठिकाणं दोन वर्षं पुरली. मग ती संपली. सदर चालूच राहिलं. तेव्हा मी ऑफिसातल्या पंख्याखाली बसून एक तळं खोदलं. बसच्या शेवटच्या थांब्यावर उतरायचं, काळ्या खडकापाशी वळायचं, तीन तास चालायचं. पाणी निळंशार. कागदाचा कपटासुद्धा नाही.

मंगळवारी दुपारी एक बाई टेबलासमोर येऊन उभी राहिली. हातात कात्रण.

"काका, वाकडी वाटवाले तुम्हीच ना? माझे वडील तुमच्या तळ्याला गेलेत. पाच दिवस झाले."

मी खुर्ची पुढे केली. ती बसली नाही.

"भाऊ शेवटच्या थांब्यावर आहे. विचारतोय, खडकापासून डावीकडे की उजवीकडे? तुम्ही नुसतं 'वळा' लिहिलंय."

"तिथे कुणी काही सांगितलं नाही?"

"दुकानदारानं बाबांना अडवलं होतं. म्हणाला, आजोबा, पुढे पाण्याचा थेंब नाही. बाबा हसले. म्हणाले, तुम्ही असंच सांगणार, हे छापून आलंय."

तिनं कात्रण माझ्यापुढे धरलं. 'गावकरी म्हणतील, इथे तळंच नाही. ऐकू नका. त्यांना ते स्वतःपुरतं ठेवायचंय.' हे वाक्य सुचलं त्या दिवशी मी स्वतःवर बेहद्द खूश होतो. तक्रार येण्याआधीच तिचं तोंड बंद केलं होतं.

"ताई, तळं नाहीये," मी म्हणालो. "मी ते मनानं लिहिलं."

"ही चेष्टेची वेळ आहे का?" तिनं पिशवीतून आणखी दोन कात्रणं काढली. आमच्याच पुरवणीतली वाचकांची पत्रं. एका जोडप्यानं त्या तळ्यात मुलाला पोहायला शिकवलं होतं. एका निवृत्त मास्तरांची तक्रार होती की हल्ली तिथेही गर्दी वाढलीय.

"ही माणसं खोटं बोलतायत."

"हो ना. जग खोटं, तुम्ही तेवढे धुतल्या तांदळासारखे!"

पलीकडून साहेबांनी मान वर केली. "अरे, सांगून टाक ना त्यांना! जागा काय तुझ्या बापाची आहे? आम्हीही सुट्टीत सहकुटुंब जाणार आहोत."

तिचा फोन वाजला. तिनं तो माझ्या कानाला लावला. मी तिच्या भावाला तेच सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "ताईला द्या. तुम्हीही त्या दुकानदारासारखेच निघालात."

ती एकाएकी खुर्चीत बसली. आवाजातला टोमणा गेला होता.

"काका, बाबांनी पाण्याची लहान बाटली नेली. म्हणाले, तळं आहे ना, ओझं कशाला? पाच दिवस ते पाण्याजवळ आहेत, या एका आशेवर आई दोन घास खातेय. तळंच नसेल, तर..."

मी साहेबांकडे पाहिलं. ते मुद्रितं तपासत होते.

"डावीकडे," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्याबरोबर त्या थांब्यावर उतरलो. काळा खडक होता. काळा खडक कुठे नसतो? तिथून डावीकडे वळलो. मागून दोघं भावंडं आळीपाळीनं हाका मारत होती. मी पुढे चाललो होतो. वाट मलाच ठाऊक होती.