वाउटरचे हसू

मित्रांनो, मी एक जुने चित्र आहे. युरोपातल्या फ्लँडर्स प्रांतात, विणकरांच्या एका गावी ओकच्या फळीवर मला रंगवले गेले. माझ्यात चर्चच्या पायरीशी बसलेला एक पांगळा भिकारी आहे. त्याला गुडघ्याखाली पाय नाहीत. हातातल्या लाकडी ठोकळ्यांवर जोर देत तो सरकत चालतो. मला पाहून लोक हसतात, कारण तोही दात दाखवून हसतो आहे.

त्या माणसाचे नाव वाउटर. तो घरांची छपरे शाकारायचा. एकदा उंचावरून पडला, पाय सडले आणि कापावे लागले. धाकटी बहीण डिग्ना लोकर विंचरायची. तेवढ्यात दोघांचे भागेना, म्हणून तो चर्चपुढे बसू लागला. चित्रकार लीव्हनने गरम सूप देतो म्हणून त्याला आपल्या खोलीत बसवले. खोलीत शेकोटी नव्हती. वाउटरचे दात थंडीने वाजत होते. लीव्हनने ते दात जसेच्या तसे रंगवले आणि ओठांचे कोपरे मात्र थोडे वर उचलले. "रडकं तोंड जेवणाच्या खोलीत कोण लावतं?" असे तो रंग कालवताना पुटपुटला.

कापडाचा व्यापारी यॉरिस याने मला विकत घेऊन जेवणाच्या खोलीतच लावले. पाहुणे बिअर पीत माझे कौतुक करत.

मग एका हिवाळ्यात नदी गोठली आणि धान्य मिळेनासे झाले. चर्चच्या दारात भिकाऱ्यांना राय नावाच्या धान्याचा पाव मिळत असे. तो बंद करावा का, हे ठरवायला गावचे पंच यॉरिसकडे जेवायला जमले. एक म्हातारे पंच म्हणाले की पाव बंद केला तर ही माणसे मरतील. यॉरिसने हातातली सुरी माझ्याकडे रोखली.

"मरतात कसले? हा बघा, आपल्याच चर्चपुढचा. पाय नाहीत, तरी तोंडभर हसतोय. फुकटचं खायला मिळालं की असंच हसू येतं."

सगळे हसले. म्हातारे पंचही हसले. पाव बंद झाला आणि भिकाऱ्यांना वेशीबाहेर काढले गेले. माझे ओठ रंगाचे होते. ते उघडले नाहीत.

बर्फ वितळू लागले तेव्हा डिग्ना दारात आली. मोलकरीण तिला हाकलत होती, पण यॉरिसची बायको कॅटेलिना पुढे झाली. वेशीबाहेरच्या वीटभट्टीच्या आडोशाला भाऊ गारठून मेला, असे डिग्नाने सांगितले.

"बाई, त्याचं चित्र तुमच्याकडे आहे म्हणतात. एकदा बघू द्या. त्याचं दुसरं काही उरलं नाही माझ्याकडे."

कॅटेलिनाने तिला आत घेतले. डिग्नाने ठोकळ्यांवरून बोट फिरवले, ठिगळ लावलेल्या बाहीवरून फिरवले, मग वर पाहिले.

"हे ठिगळ मीच लावलंय. पण हा माझा दादा नाही, बाई. दादा हसला तर तोंडावर हात धरायचा. दात किडले होते, त्याला लाज वाटायची."

कॅटेलिनाने पुढे केलेला पाव न घेताच ती निघून गेली.

त्याच दिवशी कॅटेलिनाने मला भिंतीवरून काढून जिन्याखाली टाकले. तिथे मला कीड लागली, रंग काळवंडले. पुष्कळ पिढ्यांनंतर कुणीतरी मला स्वच्छ करून संग्रहालयाच्या एका मोठ्या दालनात लावले. आता लोक येतात आणि म्हणतात, "एवढ्या गरिबीतही किती आनंदी!"

मित्रांनो, माझी काळजी घ्या अशी विनवणी मी करत नाही. मी झिजून गेलो तरी चालेल. पण कुणाच्या चेहऱ्यावरून त्याची भूक ठरवू नका. त्याच्याजवळ जाऊन बसा आणि त्यालाच विचारा. वाउटरला कुणी विचारले नाही.