घरची कवळी

त्या माणसाने केलेली कवळी तोंडात बसली की, देवाने दिलेले दात कोणते आणि याने दिलेले कोणते, हे देवालाच ठाऊक. दवाखान्यांतून मापं यायची, हा कवळ्या करून धाडायचा. एका खिडकीची एवढीशी खोली. टेबलावर मेणाचे गोळे, पांढरे साचे, आणि दिवसभर घासायच्या यंत्राची करकर. प्रत्येक कवळीमागे कुणीतरी तोंड झाकून बसलेलं, म्हणून प्रत्येक काम तातडीचं.

त्याच्या स्वतःच्या घरातही एक माणूस तोंड झाकून बसला होता. त्याचा बाप.

बाबांचे उरलेसुरले दात थंडी पडायला लागली तेव्हा काढले. जखमा भरल्यावर मुलानेच माप घेतलं, साचा ओतला आणि फळीवर ठेवला. "घरचंच काम आहे बाबा, मधल्या वेळात उरकतो." तो मधला वेळ काही उगवेना. उन्हं तापायला लागली.

बाबा तक्रार करणाऱ्यातले नव्हते. पातळ-मऊ खायचे आणि सुनेला हसवायचे. "सूनबाई, तुझ्या नवऱ्याच्या टेबलावर दातांचा ढीग, आणि बापाच्या तोंडात दुष्काळ!"

पण आतून एक गोष्ट त्यांना खात होती. त्यांचे थोरले भाऊ, अण्णा, अंथरुणाला खिळले होते. दोघे भाऊ लहानपणापासून देवापुढे उभे राहून गायचे. अण्णांचा आवाज भरदार. बाबांचे शब्द मात्र पार मागच्या भिंतीशी बसलेल्यालाही कळणारे. अण्णांनी निरोप पाठवला होता, एकदा येऊन आपलं ते पद म्हण, डोळे मिटायच्या आत ऐकू दे.

"या बोळक्याने देवाचं नाव घेऊ? अर्धं वाऱ्यावर जातं," बाबा म्हणायचे. "दात बसू देत, मग जातो."

एके दिवशी अण्णांच्या सुनेचा फोन आला. "भाऊजी, काकांना आता आणाच. अण्णांचं बोलणं कमी झालंय."

त्याने हातातली सगळी कामं बाजूला सारली. फळीवरचा साचा उतरवला, धूळ फुंकली आणि जीव ओतून कवळी केली. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांच्या तोंडात बसवली. वरची सुटून खाली आली. खालची रुतली.

"बोला काहीतरी."

बाबांनी तोंड उघडलं, तसे दातांवर दात खडखडले.

त्याला कळायचं ते कळलं. दात काढले की हिरड्या महिनोन्‌महिने झिजत राहतात. तेव्हाचं माप आताच्या तोंडाला लागत नाही. दवाखान्यांना तो हेच बजावायचा, माप ताजं पाठवा. आपल्या बापाचं मात्र तो शिळं घेऊन बसला होता. त्याने इथे घासलं, तिथे घासलं. पुन्हा बसवली, तर हिरडीतून रक्त आलं.

"नवं माप घेतो बाबा. उद्या-परवापर्यंत..."

"तेवढा वेळ अण्णांकडे आहे का, ते विचार आधी."

बाबांनी कवळी काढली, धुतली, रुमालाने पुसली आणि मुलाच्या हातावर ठेवली. "झाली चांगली आहे रे. माझंच तोंड तोवर थांबलं नाही." आणि चपला घालत म्हणाले, "चल. असाच येतो."

दारात एका दवाखान्याचा माणूस उभा. "आमची कवळी? पेशंट बाई भडकल्यात. डॉक्टरसाहेब आता स्वतःचे दात उपटून देतील त्यांना!"

"देऊ देत. मी आल्यावर बघू."

"कधी येणार पण?"

"माहीत नाही," म्हणत त्याने कुलूप लावलं.

अण्णांच्या खोलीत पडदे ओढलेले होते. श्वास घशात घरघरत होता. फोन करणारी वहिनी, अण्णांची सून, हळूच म्हणाली, "परवापर्यंत माणूस ओळखत होते. 'आला का?' एवढंच विचारायचे."

बाबा पलंगाशी उभे राहिले, हात जोडले आणि पद धरलं. सूर जागच्या जागी होता. शब्द मात्र ओठांतच विरघळत होते. देवाचं नाव आलं, तेही फुसकन निसटलं. त्यांनी थांबून ते पुन्हा घेतलं. पुन्हा निसटलं. मग ते अण्णांच्या कानाशी वाकले आणि तसंच, जसं येईल तसं, म्हणत राहिले. अण्णांच्या पापण्या हलल्या की नुसत्या श्वासाने थरथरल्या, कुणालाच सांगता आलं नसतं.

एक कडवं संपवून बाबा वळले. मुलगा दाराशीच उभा होता.

"तुझा खोळंबा होतोय का रे?"

यातलं अक्षर न्‌ अक्षर मुलाला कळलं. वहिनीने पुढे केलेली खुर्ची त्याने बाबांच्या मागे सरकवली आणि स्वतः जमिनीवर मांडी घालून बसला.

बाबांनी दुसरं कडवं सुरू केलं. मधेच अण्णांच्या घशातली घरघर थांबली. वहिनी पुढे धावली. मग ती घरघर पुन्हा सुरू झाली, आणि बाबांनी घाईघाईने पुढची ओळ धरली.