डाव्या कमरेची गोमुखी

विश्वेश्वरशास्त्र्यांनी शिवलेल्या गोमुखीत हात घातला की माळेचा मणी आपण होऊन बोटाखाली येतो, असं दूधविनायकाच्या गल्लीत म्हणत. ही अफवा बहुधा खुद्द शास्त्र्यांनीच उठवली असावी, पण ती अगदीच खोटी नव्हती. पाठशाळेतून निवृत्त झाल्यापासून ते दिवसभर खिडकीशी बसून जपाच्या या पिशव्या शिवायचे. हात आत गेला की माळ दिसत नाही, बोटं दिसत नाहीत. न बघता हाताला सगळं कळलं पाहिजे, एवढंच त्या पिशवीचं शास्त्र. खिडकीतून, समोरच्या दोन भिंतींच्या मधून, गंगेची हातभर पट्टी दिसे. थंडीतल्या दुपारी त्या पट्टीतून एखादी नाव जायची, आणि दुसरी येईपर्यंत शास्त्री सुई हातात धरून एक डुलकी काढून घ्यायचे.

अशाच एका दुपारी इरावती लंगडत घरात आली.

इरावती त्यांची एकुलती एक मुलगी. तिनं व्याकरण शिकावं म्हणून शास्त्र्यांनी जंग जंग पछाडलं होतं, आणि ती शिकली लाकडावरची नक्षी. आता पस्तिशीला आली होती आणि मंगला गौरीकडच्या एका देवळाचा जुना लाकडी सज्जा दुरुस्त करत होती. सज्जा दोन मजले उंच, खाली चौक, चौकात सकाळ-संध्याकाळ भजनाच्या बायका. बांबूच्या मचानावर चढायचं, किडलेला मोर काढायचा, त्याच्या जागी नवा कोरून बसवायचा, असं ते काम. पटाश्या आणि सुरी ती ओढणीत गुंडाळून कमरेला खोचत असे. त्यातल्याच एका पटाशीनं आज मांडीला चांगला दोन बोटं काप दिला होता.

"अगं, हत्यारं ठेवायला काहीतरी मिळत असेल की बाजारात!" इंदूताई हळद दाबता दाबता म्हणाल्या.

"मिळतं गं आई. पण सगळं चामड्याचं. पुजारीजी चामडं वर नेऊ देत नाहीत. देवाच्या डोक्यावर चामडं कसं चालेल?" इरावतीनं दात आवळून श्वास घेतला. "आणि कुणालजी म्हणाले, कमरेला ढंगाचं काही बांधून आलीस तरच वर चढ. नाहीतर खाली बसून पॉलिश कर. वरचा मोर मग दुसरं कुणीतरी करील."

कुणालजी म्हणजे कामावरचे मुख्य. वरचा मोर म्हणजे सज्ज्याच्या ऐन मधला, गेले चार महिने इरावती ज्याच्याबद्दल जेवताना बोलत होती तो. शास्त्र्यांना त्या मोराचं फारसं काही वाटत नव्हतं. पण मुलीचा चेहरा पडलेला त्यांना कधीच बघवला नाही.

"मी शिवतो," ते म्हणाले.

मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं. शास्त्र्यांनी आजवर गोमुखीपलीकडे उशीचा अभ्राही शिवला नव्हता.

त्यांनी पाचही हत्यारं मागून घेतली आणि खिडकीत ओळीनं मांडली. तीन सपाट पटाश्या, एक गोल, एक सुरी. दोन दिवस ते नुसते बघत बसले. कापडाचे खिसे केले तर धार तळ फाडून बाहेर येणार. खिसा उथळ ठेवला तर शिडी चढताना मांडी वर आली की हत्यार उडून खाली, थेट बायकांच्या डोक्यात. खोल ठेवला तर मूठ हाताला लागणार नाही, आणि हात खाली धारेपर्यंत जाईल. तिसऱ्या दुपारी त्यांना डुलकी लागली. स्वप्नात गंगेची ती पट्टी हळूहळू चढत खिडकीपर्यंत आली आणि त्यांचा गोमुखीतला हात पाण्यात गेला. आत माळ नव्हती, मासे होते. एकेक मासा बोटाला लागून जाई आणि न बघता त्यांना कळे, हा रोहू, ही टेंगर, हा पुन्हा रोहू. जन्मात मासा हातात न धरलेल्या माणसाला ही नावं कुठून आली ते गंगाच जाणे.

जाग आली तेव्हा पाणी आपल्या जागी गेलं होतं आणि म्यान त्यांच्या डोळ्यांपुढे पुरं तयार होतं.

मचान बांधताना उरलेले बांबूचे तुकडे त्यांनी इरावतीकडून मागवले. प्रत्येक हत्याराला एक कांडं, खालची गाठ न फोडता कापलेलं. गाठीचा तळ असल्यावर धार जाणार कुठे? पाचही कांडी निरनिराळ्या उंचीची, म्हणजे बोटं फिरवली की कुठली मूठ कुठली ते कळावं. त्यावर जाड तिपदरी किंतान आणि वरून गोमुखीसारखीच झुकती झडप. हात घातला की ती आत दबे, हात काढला की आपली आपण मुठींवर पडे. सगळं प्रकरण कमरपट्ट्याला दोन सुती पट्ट्यांनी जरा खाली लोंबतं ठेवलं, म्हणजे मांडी वर आली तरी ते बाजूला सरकावं. शिवणीला त्यांनी गोमुखीची लाल काठपट्टी लावली. तिची गरज काहीच नव्हती, पण हाताला राहवेना.

सोमवारी सकाळी इरावतीनं ते कमरेला बांधलं. उजव्या बाजूला. उजवा हात घातला, मधली पटाशी काढली, परत ठेवली. झडप पडली.

"एकदम बढिया, बाबा," ती म्हणाली. मग उजवा हात पुढे करून तिनं पूजेचं तीर्थ घेतलं, डोळ्यांना लावलं आणि गेली.

शास्त्री दिवसभर तरंगत होते. इंदूताई मात्र तांदूळ निवडता निवडता दोनदा काहीतरी बोलायला आल्या आणि न बोलता परत गेल्या.

आठवडा गेला. पुढच्या मंगळवारी इरावतीचा डबा घरीच राहिला. "नेऊन द्या की," इंदूताई म्हणाल्या. "एवढं शिवलंत, कामावर कसं दिसतं ते तरी बघून या." शास्त्र्यांनी उपरणं घेतलं आणि संकठा घाटावरून निघाले. धुकं अजून उठायचं होतं. घाट कुठे संपतो आणि पाणी कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. कुणीतरी न दिसणाऱ्या नावेतून खोकत होतं. शास्त्री सावकाश चालत राहिले. मुलीचं काम बघायला आपण आयुष्यात पहिल्यांदाच निघालो आहोत, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि ते जरा ओशाळले.

चौकात भजन अजून सुरू झालं नव्हतं. वर, धुक्यातच जणू, बांबूंवर मांडी घालून इरावती बसली होती. पुढ्यात मोर होता. अर्धा लाकडात, अर्धा बाहेर आलेला. शास्त्री मान वर करून बघत राहिले. तिचा हात मोराच्या मानेवरून असा काही फिरत होता की लाकूड मऊ असावं असं वाटे. सोललेली पापुद्र्याएवढी ढलपी हवेत गिरक्या घेत खाली यायची. एवढं सुंदर आपल्या घरातल्या माणसाला येतं आणि आपल्याला पत्ता नाही, या विचारानं ते नकळत मचानाच्या अगदी खाली सरकले.

मग त्यांना दिसलं की तो हात डावा होता.

म्यानही डाव्या कमरेला होतं. उजव्या कमरेसाठी शिवलेलं म्यान डावीकडे बांधलं की त्याचं पुढचं तोंड मागे जातं, आणि झडप पुढच्या बाजूनं उघडी पडते. शास्त्र्यांना हे समजायला निमिष लागलं. तेवढ्यात इरावती मोराच्या पायाकडे वाकली, झडप लोंबली, आणि कांड्यातली गोल पटाशी निसटली. खाली येताना तिनं आवाजसुद्धा केला नाही. शास्त्र्यांपासून वीतभर अंतरावर भुशाच्या ढिगात ती मुठीपर्यंत रुतली.

"बाबा!" वरून किंकाळी आली.

कुणालजी धावत आले. शास्त्र्यांना बसवलं, पाणी दिलं, आणि वर बघून शांतपणे म्हणाले, "बस, दीदी. नीचे आ जाइए. आज से ऊपर का काम बंद."

दोघं घरी परतायला निघाले. संकठा घाटाच्या पायरीवर शास्त्री मधेच बसले.

"सांगितलं का नाहीस?"

"एवढ्या मनानं शिवलं होतंत," इरावती म्हणाली. "आणि सांगून काय... तुमच्यासमोर मी डाव्या हातानं कधी काही केलंच नाही ना. सवयच नाही सांगायची."

धुकं विरत होतं. शास्त्री पाण्याकडे बघत होते, पण त्यांना दिसत होता एक चिमुकला डावा तळवा. चार वर्षांची इरू तीर्थाला तो पुढे करायची आणि ते पळीतलं पाणी परत पंचपात्रात ओतायचे. सांगून ऐकेना तेव्हा एका चातुर्मासात त्यांनी गोमुखीची लाल काठपट्टी घेतली आणि जेवायला बसली की तिचा डावा हात पाटाला बांधून ठेवला. मारलं नाही, ओरडले नाहीत. उलट रोज श्लोक म्हणत बांधला. चार महिन्यांत मुलगी सुधारली, म्हणून आल्यागेल्याला कौतुकानं सांगितलं. ती सुधारली नव्हती. फक्त त्यांच्या नजरेआड गेली होती. तो हात तीस वर्षं असा लपून राहिला, आणि त्याच काठपट्टीनं सजवलेलं म्यान त्यांनी तिला पुन्हा उजवीकडेच बांधायला दिलं.

"कुणालजींना सांग, चार दिवस थांबा," ते म्हणाले.

नवं म्यान उलट्या मापानं शिवायला एक दिवस पुरला. इंदूताईंनी ते हातात घेऊन उलटंपालटं केलं. "पण बरोबर झालंय हे तुम्हाला कळणार कसं? तुमचा डावा हात तर सुईत दोराही ओवत नाही."

"डबा तू मुद्दाम ठेवून घेतला होतास?"

"मग काय करू? दोघंही तोंड उघडेनात."

शास्त्री उठले. उरलेली लाल पट्टी काढली आणि बायकोपुढे उजवं मनगट धरलं. "बांध. पाठीमागे."

दोन दिवस ते तसे राहिले. म्यान डाव्या कमरेला बांधून, पटाश्यांऐवजी लाटणं, पळी नि उलथनं घालून घरभर फिरले, जिने चढले, उतरले. पहिल्या दिवशी लाटणं अकरा वेळा पडलं. अंगठा कुठे येतो, मनगट कुठे अडतं, झडप किती झुकली पाहिजे, हे हळूहळू त्या अडाणी हाताला कळू लागलं, आणि त्यांनी कांडी दोनदा उसवून पुन्हा बसवली. ज्या कामाला उजवा हात लागेल तेवढ्यापुरतीच पट्टी सुटायची. जेवताना वरण धोतरावर सांडलं. भूक असूनही घास तोंडाशी पोचेना, तेव्हा ताटावर वाकलेल्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. इरावती समोर बसली होती. ती म्हणाली, "बाबा, बस झालं आता." त्यांनी मान हलवली. "चार महिने झाले होते तुझे," ते म्हणाले. "माझे दोनच दिवस."

शनिवारी सकाळी कुणालजी स्वतः घरी आले. इरावतीनं म्यान डाव्या कमरेला बांधलं. शास्त्र्यांनी तिला वाकायला लावलं, पाटावर उकिडवं बसवलं, जिना तीनदा चढायला लावला. पाचही हत्यारं तिनं न बघता काढली आणि न बघता ठेवली. पाची वेळा झडप पडली. कुणालजींनी स्वतःच्या हातानं पट्टा ओढून पाहिला. "चलिए, दीदी. मोर आपकी राह देख रहा है," ते म्हणाले आणि चपला घालायला दाराशी गेले.

शास्त्री देवापुढे बसले होते. पंचपात्रातून त्यांनी पळी भरली. इरावती वाकली आणि रोजच्यासारखा उजवा हात पुढे केला.

पळी हलली नाही.

"तो नको," शास्त्री म्हणाले. "ज्यानं मोर कोरतेस तो."

इंदूताई स्वयंपाकघराच्या दारात थबकल्या. इरावती जागच्या जागी थिजली. मग डावा तळवा फार सावकाश पुढे आला, बोटं मिटलेलीच, मधेच मागं घ्यावा लागेल अशा बेतानं. शास्त्र्यांनी आपल्या डाव्या हातानं ती बोटं एकेक करून उघडली आणि खोलगट झालेल्या तळव्यात तीर्थ घातलं.

थेंबही बाहेर सांडला नाही. इरावतीनं ते पिऊन टाकलं, ओला तळवा डोळ्यांवरून फिरवला आणि कामावर गेली.