मिरचीविना मशीन

मी मिरची कांडपाची मशीन बोलतेय. जरा लांबच उभं राहा, नायतर ठसका लागेल अन् बोल मला लावाल!

कारखान्यातून निघाले तेव्हा लई तोऱ्यात होते. गुलमंडीमागच्या गल्लीत सुलेखाच्या दुकानात मला उतरवलं. ती मसाल्याच्या पुड्या विकायची, पण कांडप बाहेरून करून आणायची. माझ्यासाठी तिनं होतं नव्हतं ते सगळं घातलं. तिच्या सासूनं, कडूबाईनं, गल्लीभर पेढे वाटले. मला वाटलं, धंदा म्हणजे मीच!

"आता घाल मिरची," कडूबाई म्हणाली.

सुलेखाचा चेहरा उतरला. "आत्या, मिरचीचे पैसेबी हिच्यातच गेले."

"अगं बया! घोडं घेतलं अन् चाऱ्याला पैसा नाय व्हय?"

ऐन उन्हाळा. घरोघरी वर्षाचा मसाला करायचे दिवस, अन् मी रिकाम्या पोटी. मिरचीवाला उधार देईना. कन्नड गावचे एक व्यापारी, तात्यासाहेब, येऊन मला निम्म्या किमतीत मागून गेले. "उद्या सांगते," म्हणाली सुलेखा, अन् माझ्यावर डोकं टेकवून रडली. मला लई भ्या वाटलं.

सकाळी कडूबाईनं घरची मिरची आणून ओतली. "इकायच्या आधी एवढी तरी कांडून दे."

मी जी धडधडले! ठसका गल्लीभर गेला. समोरची गोजरबाई पदर नाकाला लावून आली. "आमची कांडता का? मिरची माझी, मजुरी घ्या." दुपारपर्यंत बायांची रांग लागली. पुड्या विकायच्या नादात सुलेखाला हे सुचलंच नव्हतं. तात्यासाहेब आले ते शिंकतच परतले.

मजुरीतून मिरची आली, मिरचीतून पुड्या, पुड्यांतून पुन्हा मिरची. बँकेतले साहेब मला स्थिर भांडवल म्हणतात अन् मिरचीला खेळतं भांडवल. सुलेखानं मिरचीच्या पैशाचा डबाच वेगळा केला. हौसेसाठी त्याला हात लावायचा नाय, असं ठरलंय.

परवा एकजण पुड्या भरायच्या मशीनचं चित्र घेऊन आला. काय चकचकीत होती ती! सुलेखा लई वेळ बघत राहिली. मग तिनं मिरचीच्या पैशाचा डबा काखोटीला मारला.

"भाऊ, आधी हंगामाची मिरची भरते. उरलं तर हिचं बघू."

माझा जीव भांड्यात पडला. मशीन घ्या हो, जरूर घ्या! पण मशीनच्या घासापुरते पैसे आधी बाजूला काढून ठेवा.