उशिरा बोलावलेला पिंजरा

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी पिंजरा आहे. वन विभागाच्या आवारात जीपशेजारी मी उभा असतो. लोहाराने मला घडवताना गजांच्या टोकांवर कानस फिरवली, म्हणजे आतल्या जनावराला ओरखडाही उठू नये. आतल्या फळीवर पाय पडला की माझं दार खाली येतं. वाट चुकलेली कितीतरी जनावरं मी जिवंत रानात पोचवली. तेव्हा लोक माझं कौतुक करायचे.

पुढची हकिकत मी एका गल्लीत उभा असताना ऐकली. तिथे एक रानडुक्कर येऊ लागलं होतं. पाववाला त्याला रोज संध्याकाळी शिळे पाव टाकी. वेळेवर येतो, खातो आणि न बोलता जातो, म्हणून गल्लीने त्याचं नाव ठेवलं 'जावईबापू'.

इस्त्रीवाल्या मावशी तेवढ्या पाववाल्याकडे कुरकुरायच्या. "अरे, वन ऑफिसला कळव. उद्या कुणाच्या अंगावर गेला म्हणजे?"

"मावशी, तुमच्यापेक्षा गरीब आहे तो! कळवलं तर बिचाऱ्याला पिंजऱ्यात कोंबतील."

"मग मीच करते फोन."

"करा की. पण मग पावही दुसरीकडून आणा."

मावशी फोन न करताच पुन्हा इस्त्री फिरवू लागल्या. बाकीचे हसले.

एके दिवशी भट्टी बंद होती. पाववाल्याची आई मागच्या दारी कपडे वाळत घालत होती. पावासाठी डुकराने तिला ढुसणी दिली. ती घाबरून ओरडली, तसा त्याने सुळा मारला. मांडीची मोठी रक्तवाहिनी फाटली. दवाखाना गाठायच्या आतच ती गेली.

मग मला बोलावलं. माझ्यात पाव ठेवला. जावईबापू आपणहून आत आला. पण माणसाचा जीव घेतलेल्या या जनावराला रानात सोडायचं नाही, असं ठरलं होतं. बंदुकीची नळी माझ्या गजांतून आत आली, तेव्हा तो पाव चावत होता.

पाववाला भिंतीला धरून उभा होता. "इतक्या सहज आत आला?"

"पहिल्या आठवड्यातही आला असता, दादा," वनरक्षक म्हणाला.



मित्रांनो, रानातलं जनावर दाराशी घुटमळू लागलं तर त्याला खाऊ घालू नका. लगेच वन विभागाला कळवा. दुसऱ्या कुणी कळवलं असेल, म्हणून थांबू नका. शेजारी रुसला तर रुसू द्या. मी जनावरं जिवंत न्यायला घडलो आहे. मला वेळेत बोलवा.