दोन घरांच्या खुणा

विधान.
शेजारशेजारच्या भाषांची दोन माणसं पहिल्यांदा भेटली की एकमेकांना कशी समजून घेतात? दाक्षायणी पुण्यात रशियन आणि पोलिश भाषांवर हा प्रबंध लिहीत होती. त्यात एक प्रकरण तिला बहिऱ्यांच्या खुणांवर हवं होतं. मार्गदर्शक म्हणाले, खुणा म्हणजे भाषा नव्हे. पुरावा आणा, मग बघू.

पुरावा.
सोलापुरात, तिच्याच घरी. थोरला भाऊ निंगप्पा जन्मापासून बहिरा, यंत्रमागावर कामाला. त्याच्या हातांनी भाकरी थापली की आई, मिशीला पीळ दिला की वडील. हे या घरापुरतंच.

वडील सिद्धप्पांनी अक्कलकोटची मुलगी बघायची ठरवली. काशम्मा, तीही बहिरी. दोघांची भाषा एकच, असं सिद्धप्पा धरून चालले होते.

आक्षेप.
दाक्षायणीनं सांगितलं, घरोघरच्या खुणा वेगळ्या असतात, त्यांना एकमेकांचं कळणार नाही.

"मग बरंच की," सिद्धप्पा म्हणाले. "भांडण तरी हुयाचं न्हाय."

तरी दाक्षायणी हौसेनं त्यांच्याबरोबर अक्कलकोटला निघाली. कधी न भेटलेल्या दोन भाषा तिच्या डोळ्यांदेखत भेटणार होत्या. ते टिपलं की प्रकरण उभं.

निरीक्षण.
चुरमुऱ्यांचा सुशीला खाऊन झाला, चहा झाला. सिद्धप्पा विचारत होते आणि काशम्माची आई ईरम्मा उत्तरं देत होती. शिवण येतं. मुलगा पसंत आहे. दाक्षायणी म्हणाली, तिलाच विचारा.

"तिला काय इचारायचं, बाई? मी हाय की."

काशम्मा उठली आणि निंगप्पासमोर येऊन बसली. तिनं हातांनी काहीतरी म्हटलं. त्याला कळलं नाही. सवयीनं तो बहिणीकडे वळला. काशम्मानं जमिनीवर थाप मारली, तशी हादरा जाणवून त्यानं मान तिच्याकडे वळवली. मग तिनं दाक्षायणीकडे बोट दाखवून हवा पुसली.

ईरम्मा ओशाळली. "ती म्हनती, मदी ही बाई नको."

दोघं परसात गेली. खिडकी उघडी होती. हात दिसत होते, काशम्माचे भरभर, निंगप्पाचे अडखळत. दाक्षायणीच्या हातात पेन्सिल होती. मग तिनं खुर्ची फिरवली आणि खिडकीकडे पाठ करून बसली. सिद्धप्पा ऊसदराचं बोलू लागले. तिनं तेच ऐकलं.

निष्कर्ष.
आत येऊन काशम्मानं आईला होकार दिला.

तळटीप.
एसटीत दाक्षायणीनं भावाला खुणेनं विचारलं, काय ठरलं? निंगप्पानं एक खूण केली. ती खूण त्यांच्या घरातली नव्हती. तिनं अर्थ विचारला नाही.

प्रबंध रशियन आणि पोलिशवरच झाला.